कानाच्या नसेवरची गाठ घराण्यात चालते का?

चरईची_सून | १२ जानेवारी, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते कमी. आज झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

ह्यांना (वय ५७) डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली आहे. रिपोर्टवर 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' लिहिलंय, डॉक्टर बोलताना 'अकूस्टिक न्यूरोमा' म्हणतात. दोन्ही एकच. आकार १४ मिलिमीटर. कॅन्सर नाही हे डॉक्टरांनी बसायच्या आधीच सांगितलं, बरं केलं.

लक्षात कसं आलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. दीड वर्ष हे फोन डाव्या कानाला लावला की "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" करायचे. आधी सिमकार्ड बदललं, मग फोन बदलला, मग नव्या फोनलाही शिव्या. एके दिवशी लेक वैतागून म्हणाली, "बाबा, कान बदला." उजव्या कानाला लावला, रेंज फुल्ल! स्टेशनच्या पुलावर मागून हाक मारली की भलतीकडेच बघायचे. उपवनला संध्याकाळी फिरायला जातो, तिथे दिवे नसलेल्या टप्प्यात माझा दंड धरायचे. मला वाटायचं, वयपरत्वे प्रेम वाढलंय.

आता खरा प्रश्न. लेकीचं लग्न ठरत आलंय, मुलाकडचे नेरूळचे. परवा नणंद फोनवर म्हणाली, "अगं, हे आपल्या घराण्यातच आहे. अण्णांना ऐकू येत नव्हतं, आजीला नव्हतं, आणि दादाकाकांचं तर कानाचं ऑपरेशन झालं होतं." तेव्हापासून डोक्यात तेच. नेटवर वाचलं तर 'न्यूरोफायब्रोमॅटोसिस' असं काहीतरी आलं, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात म्हणे. लेकीच्या पाठीवर तसे दोन डाग आहेत. जन्मापासून आहेत. रात्री ती झोपल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून मोजून आले. दोनच आहेत.

ही गाठ वारशाने येते का? लेकीची तपासणी करावी का?

---

पाचपाखाडीकर | १२ जानेवारी, रात्री ११.५२

ताई, आधी झोपा. १४ मिलिमीटरची गाठ रातोरात काही करत नाही. सकाळी इथे जाणकार येतील.

---

आंबटगोड | १३ जानेवारी, सकाळी ७.१०

मोबाईलमुळे होतं हे सगळं. टॉवर बघा सोसायटीच्या गच्चीवर किती आहेत ते. आणि कोमट तेलात लसूण तळून दोन थेंब रोज रात्री कानात. आमच्या मावशीचा कान मोकळा झाला.

---

श्रवणी_वाशी | १३ जानेवारी, सकाळी ९.३५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, वाशीला बसते. आंबटगोड, कृपया कुणाच्या कानात काही घालायला सांगू नका. ही गाठ कानाच्या पडद्याच्या पार आत, कवटीच्या हाडातल्या बोगद्यात असते. तेल पडद्यापाशीच थांबतं, आणि पडद्याला भोक असेल तर नसती आफत. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये त्या लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकलं, त्यापलीकडे संबंध सिद्ध झालेला नाही.

ताई, नणंदबाईंनी तीन माणसं सांगितली. त्या तिघांचं एकेक करून बघायला हवं, कारण 'घरात सगळे बहिरे' आणि 'घरात गाठ' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बहिरेपण घराण्यात चालतं, आणि भरपूर चालतं. कोनेक्सिन-२६ नावाच्या जनुकातला दोष आई-वडील दोघांकडून आला की मूल जन्मतः बहिरं असू शकतं. कानातल्या इवल्याशा हाडाची हालचाल बंद पडते तो ओटोस्क्लेरोसिसही बऱ्याच घरांत दिसतो. यांचा गाठीशी संबंध नाही.

आमच्या साउंडप्रूफ खोलीत बसवून आवाज ऐकवतो ना, त्यात म्हातारपणाचं किंवा कारखान्यातल्या आवाजाचं बहिरेपण असेल तर दोन्ही कानांचे आलेख जवळपास सारखे उतरतात. गाठ असेल तर एकच कान खाली जातो. दुसरी खूण अशी, की माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. मी "पाट" म्हणते, तो "काय?" म्हणतो, मी मोठ्याने "पाट" म्हणते, तो म्हणतो "अहो, ऐकू येतंय, पण काय म्हणताय?" दोन कानांत असा फरक दिसला की आम्ही बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी) करायला सांगतो किंवा थेट एमआरआयला पाठवतो, गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन. त्याशिवाय छोटी गाठ निसटू शकते.

तर प्रत्येकाचं हे विचारा: किती वयात सुरू झालं, एक कान की दोन्ही, काम काय करायचे, आणि दादाकाकांचं ऑपरेशन नेमकं कसलं होतं.

---

घोडबंदर_जाम | १३ जानेवारी, सकाळी ९.५८

"वयपरत्वे प्रेम वाढलंय" वाचून हसलो, माफ करा ताई. अंधारात दंड धरण्याचं कारण काय पण?

श्रवणी_वाशी | १३ जानेवारी, सकाळी १०.१५

तोल तीन गोष्टींवर सांभाळला जातो: कान, डोळे आणि पायाखालची जमीन. ही गाठ बहुतेक वेळा आठव्या, म्हणजे कानाच्या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या फांदीवरच उगवते. पण ती इतकी सावकाश वाढते की मेंदू डोळ्यांवर भागवायला शिकतो, म्हणून गरगर फारशी होत नाही. डोळ्यांना अंधार झाला की उघडं पडतं. हाक कुठून आली हे कळायलाही दोन्ही कान लागतात.

---

रानजाई | १३ जानेवारी, दुपारी ४.०५

मी निवृत्त मास्तरीण, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. ताईंच्या मूळ प्रश्नाला जरा सविस्तर.

आपल्या पेशींत बावीस नंबरच्या गुणसूत्रावर एनएफ२ नावाचं जनुक आहे, १९९३ मध्ये सापडलं. त्यातून मर्लिन नावाचं प्रथिन बनतं. नसेवर वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशींनी वाटेल तशा वाढू नये, हे बघणं त्याचं काम. जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक वडलांकडची. सोसायटीच्या गेटवर दोन वॉचमन असावेत तसं. एक डुलक्या घेत असला तरी दुसरा भागवतो.

तुमच्या मिस्टरांसारख्या रुग्णात आयुष्यात कधीतरी एकाच पेशीतले दोन्ही वॉचमन झोपले. फक्त त्या एका पेशीत, त्या एका कानापाशी. बाकी शरीरात सगळं जागेवर. लेकीला जे जनुक मिळालं त्याचा या अपघाताशी संबंध नाही. अशा गाठींपैकी जवळपास ९५ टक्के याच प्रकारच्या असतात: एका बाजूला, बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर.

उरलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात एक वॉचमन जन्मापासून कामावरच नाही, शरीरातल्या प्रत्येक पेशीत. दुसऱ्याने कुठेही डोळा मिटला की तिथे गाठ. म्हणून त्यांना दोन्ही कानांच्या नसांवर गाठी होतात, तरुणपणीच, बहुतेकदा विशीच्या आसपास. शिवाय मेंदूच्या आवरणावर, मणक्यात, आणि लहानपणीच मोतीबिंदू. साधारण २५ ते ३३ हजार जन्मांत एक असं हे प्रमाण. हा प्रकार, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस-२ किंवा एनएफ२, आईवडिलांकडून मुलात येतो आणि दोघांपैकी एकाकडूनच आला तरी पुरतो.

१९३० साली अमेरिकेत गार्डनर आणि फ्रेझियर यांनी एका घराण्याचा अभ्यास छापला. पाच पिढ्या, ३८ माणसं, दोन्ही कानांनी बहिरी. तेव्हा ना एमआरआय ना जनुकाचा पत्ता. माणसं मोजून आणि वंशावळ काढून त्यांनी दाखवलं की हे घराण्यात चालतं. मी वर्गात हे उदाहरण हमखास द्यायचे, कारण त्यासाठी वही-पेन्सिल पुरते.

डागांचं: सहा किंवा जास्त कॉफी-डाग ही न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१, म्हणजे एनएफ१ ची खूण. ते जनुक सतराव्या गुणसूत्रावर, आजारच वेगळा, आणि त्यात कानाच्या नसेची ही गाठ होत नाही. नावाच्या सारखेपणामुळे इतका घोळ व्हायचा की २०२२ मध्ये तज्ज्ञांनी एनएफ२ चं नाव बदलून 'एनएफ२-संबंधित श्वानोमॅटोसिस' केलं. जन्मतः एक-दोन डाग असलेली माणसं ठाणे लोकलच्या प्रत्येक डब्यात सापडतील. टॉर्च ठेवून द्या.

---

नानाकाका | १३ जानेवारी, रात्री ८.३०

आमचे येथे हेच झाले. माझे वय त्या वेळी ६६, उजवा कान, १७ मिलिमीटर. गॅमा नाईफ केले. नावात नाईफ असले तरी सुरी नाही, किरण आहेत. सकाळी कपाळाला व मागे अशा चार ठिकाणी बधिर करून धातूची चौकट स्क्रूने बसविली. ते स्क्रू आवळतानाचा आवाज डोक्यात घुमतो, तेवढेच काय ते. दुसऱ्या दिवशी घरी. सहा महिन्यांनी गाठ जरा सुजलेली दिसली, मी घाबरलो, डॉक्टर म्हणाले की असे होते, थांबा. पुढे ती बसली. आठ वर्षे तशीच आहे. कान मात्र हळूहळू गेला.

आम्ही तिघे भाऊ, मला दोन मुले, पाच नातवंडे. कोणासही काही नाही. कोणाचीही तपासणी करावयास डॉक्टरांनी सांगितली नाही.

---

पाचपाखाडीकर | १३ जानेवारी, रात्री ९.०२

मग ताई, मुलाकडच्यांना काही सांगायची गरजच नाही. विषय संपला. लग्नाच्या बोलण्यात 'गाठ' हा शब्द आला की पुढचं कुणी ऐकत नाही.

घोडबंदर_जाम | १३ जानेवारी, रात्री ९.२०

असहमत. वडलांना एका कानाने ऐकू येत नाही हे साखरपुड्यातच कळणार. लपवलं असं वाटण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

पाचपाखाडीकर | १३ जानेवारी, रात्री ९.३१

तुम्हाला मुलगी आहे का?

घोडबंदर_जाम | १३ जानेवारी, रात्री ९.३३

दोन.

---

सेक्टर_एकोणीस | १४ जानेवारी, रात्री १२.४८

लिहू की नको असा विचार करत होतो. आम्ही रानजाईबाईंनी सांगितलेल्या 'उरलेल्या'तले.

बायको ४१ वर्षांची. दोन्ही बाजूंना गाठी. सासूबाईंनाही होत्या. त्यांचं डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही शाळेत होती, घरात सगळे 'आईच्या डोक्यात पाणी झालं' असं म्हणायचे. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. सासूबाईंची तीन मुलं, तिघांनाही आलं. मुलात यायची शक्यता ५० टक्के, तर लोक म्हणतात म्हणजे दोघांत एकाला. तसं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. त्यांच्याकडे तिन्ही वेळा काटाच पडला.

हिच्या उजव्या बाजूचं ऑपरेशन २००९ ला. गाठ मोठी होती, काढली, पण कानाची नस वाचली नाही. चेहऱ्याची सातवी नस अगदी चिकटून जाते, ती वाचली पण दुखावली. आजही चहा पिताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब येतो, म्हणून बशीखाली रुमाल असतो. डावा कान टिकवण्यासाठी बेव्हासिझुमॅब नावाचं औषध दिलं, सलाइनमधून. दीड वर्ष छान फरक होता, मुलांशी फोनवर बोलायची. मग लघवीतून प्रथिनं जायला लागली, थांबवावं लागलं. आता डावाही जवळपास गेला आहे.

लोक सांगतात, कॉक्लियर इम्प्लांट करा. उजवीकडे नसच राहिली नाही, तर यंत्राने संदेश पाठवायचा कुणामार्फत? अशांसाठी थेट मेंदूच्या देठावर बसवायचं यंत्र असतं. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला पहिलं बसवलं, तेही अशाच रुग्णाला. त्याने आवाजाची जाणीव येते, ओठ वाचायला मदत होते. आम्ही अजून ठरवलेलं नाही.

ठाणे-वाशी लोकलने जाताना ती मोबाईलवर बोललेलं अक्षरांत उमटवणारं अॅप लावून माझ्यासमोर धरते. डब्यातल्या सगळ्यांचं बोलणं त्यात उमटतं. मागे एकदा "तुझी सासू काय म्हणते" असं उमटलं, ती खो खो हसली, मला कळेना काय झालं.

चरईताई, तुम्ही ५७ वय आणि एक कान लिहिलंत तेव्हा मला बरं वाटलं. खरंच. पण ऐकीव गोष्टींवर राहू नका. दादाकाकांचं ऑपरेशन कसलं होतं ते शोधा.

---

श्रवणी_वाशी | १४ जानेवारी, सकाळी ९.१०

सेक्टर_एकोणीस, तुम्ही लिहिलंत, आभार. मुलांचं काय, विचारू का? नको असेल तर राहू द्या.

सेक्टर_एकोणीस | १४ जानेवारी, दुपारी १.४०

विचारा की. हिच्या रक्तातून जनुकातला नेमका बदल सापडलेला आहे. त्यामुळे मुलांत फक्त तोच आहे का हे बघायचं असतं. मोठी १४ ची, तिची तपासणी झाली, तिच्यात नाही. म्हणजे दरवर्षीचं एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी तिच्यापुरती कायमची बंद. तो कागद मी लॅमिनेट करून आणला. धाकटा नऊचा. त्याची अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणतात एमआरआय साधारण दहा-बारा वर्षांपासून सुरू करतात, त्याआधी रक्त बघून घेऊ. मे महिन्याच्या सुट्टीत करू असं म्हणतोय. गेल्या मे महिन्यातही हेच म्हटलं होतं.

रानजाई | १४ जानेवारी, दुपारी ३.२५

एक भर घालते, कारण ताईंच्या मनात 'पण आमच्याकडे आधी कुणालाच नव्हतं' हा उलटा धीरही येऊ शकतो. एनएफ२ असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या आईवडिलांना तो नसतोच. बदल त्यांच्यापासूनच सुरू होतो. काहींमध्ये तो गर्भ वाढताना उशिरा होतो, म्हणून शरीरातल्या काहीच पेशींत असतो, आणि रक्ताची तपासणी साफ येऊ शकते. मग काढलेल्या गाठीचा तुकडा तपासतात. त्यामुळे डॉक्टर वंशावळीइतकंच वयाकडे बघतात. तिशीच्या आत एका कानाला गाठ निघाली तरी जनुकाची चौकशी करतात. सत्तावन्नला एकच गाठ, एमआरआयवर दुसरी बाजू स्वच्छ, त्वचेवर-डोळ्यांत काही नाही, तर मुलांच्या मागे लागत नाहीत.

---

आंबटगोड | १४ जानेवारी, सायंकाळी ६.००

टॉवरबद्दल कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना कंपन्यांची भीती.

अॅडमिन | १४ जानेवारी, सायंकाळी ६.२०

श्रवणी यांनी दिलं आहे, वर बघा. टॉवरसाठी वेगळा धागा काढा. यापुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

चरईची_सून | १९ जानेवारी, रात्री १०.१५

आठवडाभर लिहायला जमलं नाही, कारण माळ्यावर होते. शब्दशः.

संक्रांतीला नणंद आली होती. तिळगूळ दिला आणि तिला समोर बसवून वहीत वंशावळ काढली. पणजोबांपासून. बायकांची माहेरची नावं आठवेनात, तिथे नुसते गोल काढले.

अण्णा, म्हणजे सासरे: वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं. पत्रे कापायचं काम. पन्नाशीपासून दोन्ही कान सारखेच कमी. "कामावर सगळेच ओरडून बोलायचे," असं स्वतः ते सांगायचे. आजी: ८० नंतर, दोन्ही कान. म्हणजे श्रवणीताईंच्या हिशोबात दोघंही बसले.

राहिले दादाकाका. ते १९९६ ला गेले. त्यांच्या घरी कोपरीला फोन केला, काकू म्हणाल्या कागद असतील तर पत्र्याच्या ट्रंकेत. दोन दिवस ती ट्रंक. रेशनकार्ड, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, आणि खाली पिवळा पडलेला केसपेपर, १९७८ चा. अर्धा वाळवीने खाल्लेला. ऑपरेशनचं नाव मात्र शाबूत: 'मास्टॉइडेक्टमी, लेफ्ट'. खाली 'कोलेस्टिएटोमा'.

श्रवणीताई, ही गाठच का?

श्रवणी_वाशी | १९ जानेवारी, रात्री १०.३२

नाही! मास्टॉइडेक्टमी म्हणजे कानामागचं हाड कोरून साफ करणं. कोलेस्टिएटोमा हे नाव घाबरवणारं आहे, पण हा कान फुटण्याच्या जातकुळीतला आजार. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते, ती साठत जाते आणि आजूबाजूचं हाड खाते. जुन्या पिढीत ज्याला 'कानाचं हाड सडलं' म्हणायचे ते. त्यांच्या कानातून घाण वासाचा पू यायचा का?

चरईची_सून | १९ जानेवारी, रात्री १०.४०

काकूंना विचारलं. म्हणाल्या, "यायचा म्हणजे! कापूस बदलून बदलून माझे हात दुखायचे." नणंदेला हे माहीत होतं, तिने सांगितलं नव्हतं, कारण "पू येतो असं कुणी सांगतं का!"

घोडबंदर_जाम | १९ जानेवारी, रात्री १०.५५

म्हणजे पू लपवला आणि घराण्याला गाठ चिकटवली. वा!

एक व्यवहाराचं: विमा एजंट 'जनुकीय आजार चालत नाही' म्हणून घाबरवतात. आरोग्यविम्यात जनुकीय आजार सरसकट वगळू नका, असं इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. सेक्टर_एकोणीस, तुमच्या पॉलिसीत तसं वाक्य असेल तर लेखी विचारा.

---

सेक्टर_एकोणीस | २० जानेवारी, सकाळी ७.५०

आहे तसं वाक्य. विचारतो. आणि चरईताई, ती ट्रंक उघडल्याबद्दल मानलं तुम्हाला. आमच्याकडे सासूबाईंचे कागद कुणीतरी रद्दीत घातले. १९९३ च्या आधीचे असल्याने जनुकाचं काही नसतंच, पण दोन्ही बाजू लिहिलेलं असतं तर हिच्या भावाला दहा वर्षं आधी कळलं असतं.

---

चरईची_सून | २३ जुलै, रात्री ९.४५

सहा महिन्यांचा एमआरआय झाला. १४ चे १४. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांची वाढत नाही. वाढली तरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर. आता वर्षभराने यायचं. तोवर किरण नाहीत, ऑपरेशन नाही. हे खूश, मी वाट बघायला अजून शिकतेय.

नेरूळच्यांना सांगायचं की नाही यावर मी आणि नणंद दोन महिने वाद घालत होतो. लेकीने मार्चमध्येच मुलाला सांगून टाकलं होतं. त्याने विचारलं, "बाबांशी कुठल्या बाजूने बोलायचं?" एवढंच. त्याच्या आईलाही तेव्हाच माहीत होतं. आम्हीच काय ते कुजबुजत होतो.

लग्न नोव्हेंबरात, इथेच ठाण्यात. हॉलवाल्याचं म्हणणं आहे की वरातीचा बँड डाव्या दाराने येतो. म्हटलं येऊ दे.

सेक्टर_एकोणीस, मे होऊन गेला.

सेक्टर_एकोणीस | २४ जुलै, सकाळी ६.५५

हो. मे मध्येच रक्त दिलं. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी, हिलाच आणायला जायचंय, मला नको म्हणाली. धाकटा विचारत होता सुई किती मोठी असते, त्याला खरं सांगितलं. लग्नाला आवाज कमी असेल अशी एखादी बसायची जागा असेल तर आम्हालाही बोलवा.

चरईची_सून | २४ जुलै, सकाळी ७.०२

पहिल्या रांगेत, उजवीकडे. ह्यांच्या शेजारीच.